लायसोसोमचा सामू खाली उतरेचना: माझा अनुभव

पॉलिअ‍ॅक्रिलमाइडचे नॅनोकण घेतले, पेशीतल्या लायसोसोमचा (कचरा पचवणाऱ्या आम्लधर्मी पिशवीचा) सामू, म्हणजे pH, मोजायला. त्यात दोन चमकणारे रंग: सामूप्रमाणे उजळणारा फ्लुरोसीन आणि सामूशी देणंघेणं नसलेला रोडामिन. दोघांच्या प्रकाशाचं गुणोत्तर काढलं की पेशीने कण किती गिळले याने फरक पडत नाही. कागदावर सगळं चोख. पण लायसोसोममध्ये सामू ४.५ ते ५ हवा, आणि माझा आकडा ५.५ च्या खाली येईना. आठवडाभर मी पेशींनाच दोष देत बसलो.

खोट रंगात होती. फ्लुरोसीनचा पीकेए (ज्या सामूला रंगाचे निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात; त्याच्या आसपासच रंग सामू नीट ओळखतो) ६.४ च्या आसपास. ५ च्या खाली तो जवळजवळ विझतो. मग उरते पेशीची स्वतःची हिरवी चमक, आणि तीच मी इमानेइतबारे मोजत होतो!

कणांत ओरेगॉन ग्रीनही जोडला. त्याचा पीकेए ४.७ च्या जवळ. कण न दिलेल्या पेशींची चमक वजा केली. कॅलिब्रेशनही (कोणतं गुणोत्तर म्हणजे कोणता सामू हे ठरवणं) क्युव्हेटऐवजी, म्हणजे छोट्या पारदर्शक पात्राऐवजी, पेशींतच केलं: भरपूर पोटॅशियमच्या बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) नायजेरिसिन आणि मोनेन्सिन ही पटलातून आयन आरपार नेणारी रसायनं घातली, की आतला सामू बाहेरच्या बरोबरीला येतो. (त्या पेशी नंतर फेकायच्याच.) ४ ते ७.५ सामूपर्यंतचे बफर एकेक करून दिले, नवा आलेख काढला. त्यावर तेच लायसोसोम ४.७ दाखवू लागले.