क्यूटीत स्ट्रिंग कम्पेअर करताना दोन कऱ्हाड का निघतात

सांगलीत एका अडत्यासाठी हळदीच्या पावत्यांचं छोटं सॉफ्टवेअर क्यूटीत (सी++ ची एक लायब्ररी) लिहिलं होतं, त्यात गावाच्या कॉम्बोबॉक्समध्ये, म्हणजे निवडायच्या यादीत, कऱ्हाड दोनदा दिसायला लागलं. डोळ्याला अगदी सेम, पण डबल इक्वल लावलं की फॉल्स. मला वाटलं मागं स्पेस राहिली असणार, ट्रिम्ड लावून बघितलं, ढिम्म फरक नाही.

अशा वेळी आधी दोन्ही स्ट्रिंगची, म्हणजे साठवलेल्या मजकुराची, लेंग्थ प्रिंट करा. माझी एक आली ६ आणि दुसरी ७, तिथंच चोर सापडला. ऱ हे एकच कॅरेक्टर असू शकतं, युनिकोडमधलं यू+०९३१, नाहीतर साधा र आणि खाली नुक्ता, म्हणजे टिंब, अशी दोन. क्यूस्ट्रिंग, म्हणजे क्यूटीची स्ट्रिंग, नुसते कोड बघतं, अक्षर कसं दिसतंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. म्हणून कम्पेअर करायच्या आधी दोन्ही बाजूंना नॉर्मलाइज्ड लावा, फॉर्म सी देऊन, म्हणजे र आणि नुक्ता जोडून एकच ऱ होतो.

एवढ्यानं भागतं असं नाही बरं का. काहीजण र, हलंत आणि मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो विड्थ जॉइनर, अक्षरांचा जोड ठरवणारं कॅरेक्टर) असं टाइप करतात, त्याचीपण लेंग्थ ७ च येते आणि नॉर्मलाइज्ड त्याला हातसुद्धा लावत नाही. तो झेडडब्ल्यूजे सरसकट उडवू नका, मी उडवला तर कऱ्हाडचं कर्हाड झालं आणि मालक स्क्रीनकडं बघून हसायला लागले! र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे या तिघांच्या जागी ऱ आणि हलंत रिप्लेस करा. हे सगळं एका फंक्शनमध्ये टाका आणि सेव्ह करताना पण तेच, सर्च करताना पण तेच वापरा.

कम्पेअर फंक्शन वापरणार असाल तर सारखं असलं की ० येतो, म्हणजे इफमध्ये नुसतं टाकलं तर बरोब्बर उलटं चालतं, मी यात एक अख्खी दुपार घालवलीय. केस इनसेन्सिटिव्ह मराठीला लागत नाही, जीएसटी नंबरला ठेवा. गावं क्रमानं लावायला लोकेलअवेअरकम्पेअर (भाषेच्या नियमानं तुलना करणारं फंक्शन), आणि पावती १० ही २ च्या आधी यायला लागली तर क्यूकोलेटर या क्रम लावणाऱ्या क्लासचा न्यूमेरिक मोड ऑन करा, फक्त लिनक्सवर क्यूटी आयसीयू या युनिकोड लायब्ररीशिवाय बिल्ड केलेलं असेल तर तो चालत नाही.

जुना डेटापण बॅकअप घेऊन एकदा त्याच फंक्शनमधून काढा. दोन कऱ्हाडांखाली एकाच शेतकऱ्याची दोन खाती निघाली, ती मात्र मालकांनी वही उघडून हातानंच जुळवली.