मंत्र्यांचे संसदेतील उत्तर कसे वाचावे

अधिवेशन सुरू असले की संध्याकाळच्या बातम्यांत संसदेतील गदारोळ तेवढा दिसतो आणि त्याच दिवशी खासदारांच्या प्रश्नांना सरकारने दिलेली लेखी उत्तरे बहुतेकांच्या नजरेतून निसटतात. ही उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर हिंदी व इंग्रजीत विनामूल्य उपलब्ध असतात, आणि खासदार, मंत्रालय किंवा तारीख यांवरून ती शोधता येतात. कोथरूडमधील आमचा छोटा अभ्यासगट गेली काही वर्षे ही उत्तरे एकत्र बसून वाचतो. त्यातून आमच्या हाताला बसलेली पद्धत येथे देत आहे.

आधी प्रश्नाचा प्रकार पाहावा. लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ वाजता आणि राज्यसभेत दुपारी १२ वाजता सुरू होतो. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर केवळ लेखी स्वरूपात सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते. तारांकित प्रश्नाला मात्र मंत्र्यांना सभागृहात उभे राहून सामोरे जावे लागते. मूळ प्रश्नकर्त्याला दोन पूरक प्रश्न, म्हणजे उत्तरावरून निघणारे पुढचे प्रश्न, विचारता येतात आणि त्यानंतर अध्यक्ष इतर सदस्यांना संधी देतात. छापील उत्तर मंत्रालयातील अधिकाऱ्यांनी तयार केलेले असते, त्यामुळे मंत्र्यांना आपल्या खात्याची कितपत माहिती आहे, हे पूरक प्रश्नांतच कळते. हा हक्क सहज मिळालेला नाही. पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात बसू लागले, तेव्हा १८९२ च्या कायद्यानुसार सदस्यांना प्रश्न विचारता येत असे, पण उत्तर अपुरे वाटले तरी पूरक प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. ती १९०९ च्या कायद्याने आली, तीही फक्त मूळ प्रश्नकर्त्यापुरती.

आता मुख्य काम. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ ओढावी. डावीकडे प्रश्नाचा प्रत्येक उपभाग स्वतंत्र ओळीत लिहावा आणि उजवीकडे उत्तरातील त्या त्या भागाचे वाक्य उतरवावे. बहुतेक उत्तरे ‘(क) से (घ)’ अशी एकत्र दिलेली असतात, म्हणजे चार उपप्रश्नांना मिळून एक सलग परिच्छेद. असा परिच्छेद वाचताना सगळ्याचे उत्तर मिळाल्यासारखे वाटते. तोच रेघेच्या दोन बाजूंना मांडला की उजवीकडे एखादी ओळ कोरी राहते. त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवणे, हेच या वाचनाचे सार आहे.

सप्टेंबर २०२० मधील एक उदाहरण आम्ही नव्या सदस्यांना नेहमी दाखवतो. टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला आणि त्यांच्या कुटुंबीयांना भरपाई दिली का, असे लोकसभेत विचारले गेले. कामगार मंत्रालयाचे उत्तर होते की अशी आकडेवारी ठेवली जात नाही, आणि त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. पहिल्या नकाराने दुसरे उत्तर देण्याची गरजच संपवून टाकली. त्याच आठवड्यात राज्यसभेत रेल्वे मंत्रालयाला केवळ श्रमिक विशेष गाड्यांपुरता, म्हणजे या मजुरांसाठी सोडलेल्या रेल्वेगाड्यांपुरता, प्रश्न विचारला गेला आणि राज्य पोलिसांकडील माहितीच्या आधारे आकडा मिळाला: ९ सप्टेंबरपर्यंत ९७ मृत्यू. व्यापक प्रश्नाला नकार मिळाला. नेमका प्रश्न नेमक्या खात्याकडे गेला तेव्हा संख्या हाती आली. आणखी एक गोष्ट विसरू नये. त्या अधिवेशनात महासाथीमुळे प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, केवळ लेखी उत्तरे होती; म्हणून ‘आकडेवारी का ठेवली नाही?’ असे मंत्र्यांना समोरासमोर विचारण्याची संधी कोणालाही मिळाली नाही. याची मला आजही खंत वाटते.

काही ठरावीक वाक्ये ओळखू यायला हवीत. ‘हा राज्याचा विषय आहे’ हे पोलीस आणि कायदा-सुव्यवस्थेबाबत घटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार खरेच आहे. परंतु प्रश्न केंद्राच्या निधीविषयी असेल, तर ते उत्तर होत नाही. ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे लिहिलेले असेल, तर तारीख टिपून ठेवावी, कारण असे वाक्य आश्वासन मानले जाते, ते तीन महिन्यांत पूर्ण करायचे असते आणि संसदेची शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते.

पंतप्रधानांच्या बाबतीत वाचनाची रीत थोडी बदलावी लागते. ब्रिटनमध्ये संसदेचे कामकाज चालू असताना पंतप्रधान दर बुधवारी अर्धा तास स्वतः प्रश्नांना उत्तरे देतात. आपल्याकडे तशी प्रथा नाही. पंतप्रधान कार्यालयाशी संबंधित प्रश्नांना सहसा राज्यमंत्री उत्तर देतात. राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरील किंवा अविश्वास ठरावावरील चर्चेला पंतप्रधान देतात ते उत्तर मात्र दीर्घ असते. तेव्हा सदस्यांच्या भाषणांतील मुद्दे आधी डावीकडे लिहून मगच उत्तर ऐकायला बसावे. क्रम उलटा झाला, तर वक्तृत्वाच्या ओघात मुद्दे हरवतात.

वाचनातून स्वतःचा प्रश्न सुचला, तर खासदारांना पत्र लिहावे. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, प्रश्न साधारणपणे १५० शब्दांत बसावा लागतो, आणि त्यात युक्तिवाद, आरोप किंवा उपरोध चालत नाही. महापालिकेचे खड्डे तेथे नेऊ नयेत. मुळा-मुठा प्रदूषण निर्मूलन प्रकल्प मात्र केंद्राने जपानी कर्जाच्या आधारे मंजूर केलेला असल्याने योग्य ठरतो. मंजुरीच्या वेळी त्याचा खर्च ९९०.२६ कोटी रुपये होता आणि त्यातील ११ शुद्धीकरण प्रकल्पांतून दररोज ३९६ दशलक्ष लिटर मैलापाणी शुद्ध होणे अपेक्षित होते. आमच्या गटाने मसुदा असा केला: (क) ११ पैकी किती मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प आज चालू आहेत, प्रकल्पनिहाय सांगावे, (ख) प्रत्येकात गेल्या महिन्यात रोज सरासरी किती पाणी शुद्ध झाले, (ग) केंद्राने आजवर दिलेली रक्कम वर्षनिहाय किती, (घ) उरलेले काम कोणत्या तारखेपर्यंत पूर्ण होईल. प्रत्येक भागाचे उत्तर संख्या किंवा तारीख हेच असू शकते, म्हणजे एकत्र परिच्छेद आला तरी कोणती ओळ कोरी राहिली हे एका नजरेत दिसेल. अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच हे पत्र खासदारांच्या पुण्यातील कार्यालयात नेऊन द्यावे आणि प्रतीवर पोच घ्यावी.