वेअरहाउसमधल्या रॅकचं परमिट: आधी माल ठरवा, रॅक शेवटी घ्या (या चुका टाळा)

दक्षिण कॅलिफोर्नियात ऑन्टारियो, फोंटाना, चिनो हा जो सगळा वेअरहाउसचा पट्टा आहे ना, तिथे मी रॅकच्या परमिटची ड्रॉइंग्ज करते आणि सिटीच्या (तिथल्या नगरपालिकेच्या) ऑफिसात सबमिट करते. हल्ली आपल्या मराठी लोकांचे बरेच फोन येतात. कुणी किराणा आणतं, कुणी स्टीलची भांडी, कुणी पूजेचं सामान, गॅरेजमधून ऑनलाइन विक्री सुरू झालेली असते आणि मग जागा पुरेना म्हणून आठ-दहा हजार स्क्वेअर फुटांचं युनिट लीजवर घेतात. आणि फोनवर पहिलं वाक्य जवळजवळ सगळ्यांचं एकच, "ताई, रॅक घेतलेत, परवा ट्रक येतोय, परमिट किती दिवसात होईल?"

इथेच सगळं उलटं झालेलं असतं. परमिट देणाऱ्याला रॅकमध्ये फारसा रस नसतो, त्याला हवं असतं की त्या रॅकवर काय ठेवणार, किती वजनाचं, किती उंच, खालची जमीन कशी आहे आणि वरचे स्प्रिंकलर ती आग आवरतील का. ही उत्तरं आधी आली की रॅक कोणता घ्यायचा ते आपोआप ठरतं. रॅक आधी घेतला की मग उत्तरं त्या रॅकला बसवत बसावं लागतं, आणि ती बसत नाहीत.

"रॅक म्हणजे फर्निचरच की"

नाही. कॅलिफोर्निया बिल्डिंग कोडमध्ये ५ फूट ९ इंचांपर्यंतच्या सुट्या, हलवता येणाऱ्या रॅकला परमिट लागत नाही, त्याच्यावर गेलात की ती स्ट्रक्चर म्हणून बघितली जाते आणि लायसन्स असलेल्या इंजिनिअरची सही-शिक्क्याची कॅल्क्युलेशन्स लागतात. काही गावांनी आपापला आकडा ठेवलेला असतो म्हणून काउंटरवर विचारून घ्याच, पण १६-२० फुटांच्या पॅलेट रॅकबद्दल (पॅलेट म्हणजे माल रचायचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा पाट) कुठेच शंका नको, परमिट लागतंच. "शेजारच्या युनिटवाल्याने तर नाही घेतलं" हे मी इतक्यांदा ऐकलंय, त्याचं त्याच्यापाशी, तुमच्या दारात इन्स्पेक्टर आला की शेजारी मदतीला येत नाही.

माल काय आहे ते न सांगता अर्ज भरणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फायर कोडच्या भाषेत मालाचा वरचा माथा १२ फुटांच्या वर गेला की ते 'हाय-पाइल' स्टोरेज होतं. प्लॅस्टिक, टायर असला जास्त पेटणारा माल असेल तर फायरवाले ६ फुटांपासूनच तसं धरू शकतात. लक्षात घ्या, माथा मालाचा मोजतात, बीमचा (रॅकच्या आडव्या दांड्याचा) नाही. शेवटचा बीम १० फुटांवर आणि त्याच्यावर ५ फुटांचं पॅलेट म्हणजे तुम्ही १५ फुटांवर. आणि असं स्टोरेज मधल्या गल्ल्या धरून ५०० स्क्वेअर फुटांच्या वर गेलं की फायरचं वेगळं परमिट लागतं. ५०० म्हणजे काहीच नाही, दोन ओळी लावल्या की संपलं.

मग येतो मालाचा वर्ग. साधारण क्लास १ ते ४ आणि त्याच्यावर प्लॅस्टिक. कोकम सरबताच्या काचेच्या बाटल्या साध्या खोक्यात, लाकडी पॅलेटवर, क्लास १. स्टीलचे डबे साध्या एकेरी खोक्यात, तेही क्लास १. सुती साड्या, पुस्तकं क्लास ३. पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीनचे डबे, खुर्च्या, खेळणी हा ग्रुप ए प्लॅस्टिक, आणि थर्माकोल त्याहून वाईट, कारण प्लॅस्टिक जळताना किलोमागे लाकडा-कागदाच्या दुपटीच्या आसपास उष्णता देतं आणि थर्माकोल तर भराभर पेटत जातो. आता गंमत अशी की तेच स्टीलचे डबे जर थर्माकोलच्या साच्यात पॅक होऊन आले तर वर्ग वर सरकतो. लाकडी पॅलेटऐवजी प्लॅस्टिकचं पॅलेट वापरलं तरी सरकतो. आणि लोक अर्जात काय लिहितात, "जनरल गुड्स". प्लॅन चेकरला, म्हणजे ड्रॉइंग्ज तपासणाऱ्याला, यातून काहीच कळत नाही म्हणून तो सगळ्यात वाईट तेच धरतो, आणि मग उत्तर येतं की तुमचे स्प्रिंकलर पुरत नाहीत, रॅकच्या आतून स्प्रिंकलरचे पाइप फिरवा. तो खर्च रॅकच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातो.

म्हणून माझं सांगणं, एक साधी यादी करा. वस्तू, ती कशाची बनलीय, आतलं पॅकिंग, बाहेरचं खोकं, पॅलेट लाकडी की प्लॅस्टिक, किती उंच रचणार. खरी यादी करा, पुढच्या वर्षी आणणार असाल तो मालही त्यात घाला, कारण परमिट त्या यादीवर मिळतं आणि नंतर प्लॅस्टिकच्या बादल्या आणल्यात तर ते परमिट त्यांना लागू होत नाही. थोडाच माल प्लॅस्टिकचा असेल तर त्याची वेगळी जागा ड्रॉइंगवर दाखवता येते का ते फायर प्रोटेक्शन इंजिनिअरला विचारा, बऱ्याचदा तिथेच पैसे वाचतात.

स्प्रिंकलरचं एक काम तर लीजवर सही करायच्या आधी करायचं. युनिटमध्ये स्प्रिंकलरचा मुख्य उभा पाइप असतो, रायझर म्हणतात, त्याच्यावर एक छोटी पाटी असते, सिस्टिम कशासाठी डिझाइन केलीय ते तिच्यावर लिहिलेलं असतं. त्या पाटीचा फोटो काढा आणि इंजिनिअरला पाठवा. दलाल म्हणेल "फुल्ली स्प्रिंकलर्ड आहे हो", असेल, पण ऑफिस नि हलक्या कामासाठीचे स्प्रिंकलर आणि २० फूट रचलेल्या मालासाठीचे स्प्रिंकलर यांत जमीन-अस्मानाचा फरक. नव्या बिल्डिंगमध्ये ईएसएफआर जातीचे (आग लवकर दाबणारे) असतात, ते चांगलेच, पण त्यांच्याखाली मालाच्या माथ्यापासून ३६ इंच मोकळे लागतात (साध्या स्प्रिंकलरला १८) आणि सलग फळ्या त्यांना चालत नाहीत. प्लायवूड टाकून रॅकचं कपाट करणं बंद करा. पाणी खाली उतरायला वाट लागते, म्हणून जाळीचं डेकिंग घ्या, पाठीला पाठ लावलेल्या रॅकमध्ये ६ इंच आणि पॅलेटच्या बाजूंना ३ इंच मोकळी जागा सोडा आणि ती ड्रॉइंगवर मापासकट दाखवा. निम्म्या करेक्शन्स (ऑफिसने सांगितलेल्या दुरुस्त्या) याच्यावरच येतात.

वजन अंदाजाने सांगणं

"लिहा ना २५०० पौंड, सेफ साइडला." असं करू नका. रॅकवर जितकं वजन लिहाल तितका भूकंपात रॅकवर येणारा जोर वाढतो, खांब जाड होतात, खांबाखालची बेसप्लेट मोठी होते, अँकर (रॅक जमिनीत घट्ट धरणारे बोल्ट) वाढतात आणि शेवटी स्लॅब, म्हणजे खालची काँक्रीटची जमीन, पुरत नाही. खरं वजन करा. २० पौंडांच्या तांदळाच्या १०० पिशव्यांचं पॅलेट २००० पौंडांच्या वर जातं, चुरमुऱ्याचं पॅलेट त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तांदूळ खालच्या लेव्हलला, चुरमुरे वर, आणि तसंच ड्रॉइंगवर लेव्हलप्रमाणे लिहून घ्या. फक्त मग ते तसंच पाळावं लागतं, कारण रॅकच्या डिझाइनचं जे स्टँडर्ड आहे, एमएच १६.१, त्यात भूकंपासाठी दोन अवस्था तपासतात, एक सगळ्या लेव्हल ६७ टक्के भरलेल्या आणि दुसरी फक्त सगळ्यात वरची लेव्हल पूर्ण भरलेली. म्हणजे वर हलकं लिहून जड ठेवलंत तर नेमकी धोक्याची अवस्था तुम्ही स्वतःच्या हाताने तयार केलीत.

जुने रॅक स्वस्त मिळाले म्हणून

जुने रॅक वाईट नसतात, पण कुणी बनवले, पत्रा किती जाडीचा, स्टील कोणतं हे माहीत नसेल तर इंजिनिअर सही कशावर करणार? एका जोडप्याने लिलावातून २० फुटी रॅक आणले, तीन कंपन्यांचे मिसळलेले, दिसायला सगळे सारखेच कारण भोकं सारखी. वीकएंडला चार पोरं लावून उभे केले, माल चढवला, आणि पंधरा दिवसांत दुसऱ्याच कशासाठी आलेल्या इन्स्पेक्टरने बघितले. काम थांबवायची नोटीस लागली, माल उतरवून भाड्याच्या कंटेनरमध्ये ठेवावा लागला, दिवाळीचा सीझन हातचा गेला. मला फार वाईट वाटलं, कारण ती दोघं कष्टाळू होती आणि कुणालाही फसवायचं त्यांच्या मनात नव्हतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. जुने घ्यायचे असतील तर विक्रेत्याकडून कंपनी आणि मॉडेल लेखी घ्या, जाडी मोजून घ्या, वाकलेले खांब तिथेच बाजूला काढा, आणि पैसे द्यायच्या आधी इंजिनिअरला फोटो दाखवा.

खालची जमीन आणि अँकर

मी मूळची लातूर जिल्ह्यातली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी शाळकरी होते. किल्लारीत माणसं भूकंपाने मेली असं आपण म्हणतो, पण माणसांच्या अंगावर पडल्या त्या भिंती आणि माळवदं. साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, इकडे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला. रॅकखाली दिवसभर माणसं फिरतात, फोर्कलिफ्ट चालवणारा, पिकिंग करणारी मुलं, आणि त्यांच्या डोक्यावर दोन-दोन हजार पौंडांची पॅलेट्स असतात. अँकरच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही ते यासाठी.

चुका काय होतात, तर स्लॅब किती जाड आहे हेच माहीत नसतं. मालकाकडे बिल्डिंगची मूळ ड्रॉइंग्ज मागा, नसतील तर सिटीच्या रेकॉर्डमध्ये शोधा, तिथेही नसतील तर कोअर (काँक्रीटचा गोल तुकडा) काढून बघा. जाडी अंदाजाने धरली आणि ड्रिल आरपार गेलं की सगळं परत. अँकर हार्डवेअरच्या दुकानातून 'सारखेच दिसतात' म्हणून आणू नका, ड्रॉइंगवर जे नाव, जो व्यास, जी खोली लिहिलीय तेच, आणि तडा गेलेल्या काँक्रीटमध्ये व भूकंपात चालतात असा त्यांचा रिपोर्ट असला पाहिजे. आमच्या भागात ८ फूट किंवा त्याहून उंच रॅकच्या अँकरिंगला स्पेशल इन्स्पेक्शन लागतं, त्या माणसाला इथे डेप्युटी इन्स्पेक्टर म्हणतात, त्याला तुम्ही स्वतः बोलवायचं असतं आणि *अँकर बसवत असतानाच*. सगळं बसवून झाल्यावर बोलावलंत तर भोक किती खोल होतं, आतली धूळ काढली होती का, हे त्याला कसं दिसणार? मग एकेक अँकर टेस्ट करत बसावं लागतं.

ड्रिल सळईवर आदळलं तर पठ्ठ्यांनी सळई कापून पुढे जाऊ नये, आणि अँकर गाळूनही टाकू नये. थांबा, इंजिनिअरला फोटो पाठवा, तो दुसरी जागा लेखी देतो.

एकाच खिडकीवर जाणं

बिल्डिंग आणि फायर ही दोन वेगळी ऑफिसं असतात आणि एकाने पास केलं म्हणजे दुसऱ्याने केलं असं नाही. फोंटानात बिल्डिंगचं काम सिटीकडे, पण फायर सॅन बर्नार्डिनो काउंटीचं. चिनोत फायरचा स्वतंत्र डिस्ट्रिक्ट आहे, चिनो व्हॅली. ऑन्टारियोचं स्वतःचं फायर डिपार्टमेंट. पहिल्याच दिवशी दोन्हीकडे फोन करून विचारा, अर्ज एकत्र जातो की वेगळा. आणि दोन्हीकडे एकच लेआउट जाऊ द्या, मी असे ड्रॉइंगचे सेट बघितलेत की बिल्डिंगच्या ड्रॉइंगवर १८ फूट आणि फायरच्या रिपोर्टमध्ये २२ फूट.

कोडची आवृत्तीही बघा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून २०२५ चा कोड लागू झालाय, त्यामुळे मित्राच्या जुन्या सेटवरचं नाव बदलून चालवू नका. मालकाची लेखी परवानगीही लागते, ती लीज करतानाच घ्या.

करेक्शन्स आल्या, आता काय?

घाबरू नका, पहिल्या फेरीत करेक्शन्स येतातच. प्रत्येक मुद्द्याला नंबर लावून उत्तर लिहा, कोणत्या शीटवर काय बदललं ते सांगा, बदललेल्या जागेभोवती ढगाची खूण करा. मुद्दा कळला नाही तर चेकरला फोन करा, तो माणूस आहे, नीट विचारलं तर नीट सांगतो. तीन मुद्द्यांची उत्तरं देऊन बाकीचे 'बघू नंतर' असं सोडलंत तर आख्खी फेरी वाया.

इन्स्पेक्शनला सेट साइटवर छापील ठेवा. खांब ओळंब्यात आहेत का ते आधी स्वतः बघा, १० फुटांना अर्धा इंच यापेक्षा जास्त झुकलेला चालत नाही. बीमच्या सेफ्टी क्लिपा सगळ्या लागल्यात का, वजनाची पाटी दिसेल अशी लावलीय का, गल्ल्या ४४ इंचांपेक्षा अरुंद झाल्या नाहीत ना, एक्झिटच्या दारापुढे एखादी बे (दोन खांबांमधला रॅकचा भाग) आली नाही ना. आणि पास झाल्यावर चार महिन्यांनी "जरा बीम वर घेऊ" असं ठरवाल तेव्हा आधी इंजिनिअरला विचारा, कारण पहिला बीम वर गेला की खालचा खांब आधाराशिवाय लांब होतो आणि त्याची ताकद बरीच कमी होते.

आता ज्यांनी परमिटशिवाय आधीच उभे केलेत त्यांच्यासाठी. आजच वरच्या लेव्हल रिकाम्या करा, जड माल खाली आणा, नवीन काही चढवू नका. मग इंजिनिअरला बोलवा, आहे तसं मोजून ड्रॉइंग करून घ्या, आणि नोटीस यायची वाट न बघता स्वतःहून काउंटरवर जा. जास्तीची फी बहुतेक भरावी लागेल, काही अँकर नव्याने मारावे लागतील, कदाचित एखादी लेव्हल काढावी लागेल. मालाची यादी मात्र घरूनच करून न्या, तिथे गेल्यावर पहिला प्रश्न तोच विचारतात.