बी फ्लाय शिकायची असेल तर आधी बीळ बघा

प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं हल्ली बऱ्याचदा विचारतात, कीटकांवर काम करायचंय, कुठून सुरुवात करू? ठाणे-नवी मुंबईत फुलपाखरांमागे जाणारे पुष्कळ आहेत, चतुरांकडेही आता लक्ष जायला लागलंय. मी सांगते, बी फ्लाय घ्या, म्हणजे मधमाशीसारख्या दिसणाऱ्या माश्या. शास्त्रीय भाषेत बाँबिलिइडी कुल (फॅमिली). फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेई यांनी १८०२ साली हे कुल मांडलं आणि आज त्यात जगभरातल्या सुमारे ५००० जाती आहेत. माशी ओळखीची, दिसायला देखणी आणि आपल्या दारातली. तरी यातल्या बहुतेक जातींच्या अळ्या नेमक्या कुणावर वाढतात, हे अजून कुणी पाहिलेलं नाही. नव्या माणसाला खरी भर घालता येईल अशी जागा कीटकशास्त्रात याहून सोपी मला माहीत नाही.

पाऊस सरला, ऊन तापायला लागलं की पारसिकच्या डोंगरावर किंवा खारघरच्या टेकडीवर सकाळी नऊ-दहाला जा. पायवाटेच्या कडेला एकदांडी फुललेली असते, तिथेच उभं राहा. केसाळ, मधमाशीसारखी दिसणारी एखादी माशी फुलासमोर हवेत जागच्या जागी थांबलेली दिसेल. नीट पाहा. पंख दोनच. मागच्या पंखांच्या जागी गोळी बसवलेल्या काडीसारखे दोन बारीक अवयव, ते हॉल्टीअर. मधमाशीला चार पंख असतात, तेव्हा पहिला निकाल इथेच लागतो. मिशा आखूड, डोळे मोठे, पाय काटकुळे. बसली की पंख पाठीवर मिटत नाही, दोन्ही बाजूंना उघडेच ठेवते. बाँबिलियस प्रजातीत (जीनसमध्ये) सोंड लांब आणि कायम पुढे ताणलेली असते, ती बघून लोक घाबरतात. पण ती फक्त फुलांतला मध पिण्यासाठी असते. ही माशी चावत नाही आणि तिला नांगीही नसते. नवख्यांचा गोंधळ होतो तो सिरफिड माश्यांशी, कारण त्याही हवेत तरंगतात. सिरफिडच्या पंखात मधोमध एक खोटी शीर असते, दुसऱ्या कुठल्याच शिरेला न जोडलेली. बी फ्लायला ती नसते.

इथपर्यंत फोटोवर भागतं. पुढे भागत नाही, आणि बहुतेक मुलं इथेच अडकतात. शेकडो फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढतात आणि कुलाच्या नावापुढे सरकत नाहीत. म्हणून माझा आग्रह असतो, माशी फुलावरून उडाली की तिच्या मागे जा. मादी असेल तर ती उघड्या मातीकडे वळते. आधी भुसभुशीत धुळीत पोटाचं टोक टेकवून थरथरवते. बऱ्याच प्रजातींच्या माद्यांच्या पोटाच्या टोकाला एक कप्पा असतो आणि त्यात ती बारीक माती भरून घेते. अंडी या मातीत घोळली जातात. मग ती जमिनीतल्या एखाद्या भोकासमोर, म्हणजे एकट्याने राहणाऱ्या मधमाशीच्या किंवा गांधीलमाशीच्या बिळासमोर, हवेत थांबते आणि पोटाला झटका देत एकेक अंडं आत फेकते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की बाकी सगळं लक्षात राहतं.

अंड्यातून निघणारी अळी बारीक आणि चपळ असते, ती स्वतः बिळात शिरून यजमानाच्या, म्हणजे जिच्यावर ती वाढणार त्या कीटकाच्या अळीच्या, खोलीपर्यंत पोचते. तिथे मात्र घाई करत नाही. यजमानाची अळी खाऊन-पिऊन पुरती वाढेपर्यंत थांबते, मग कात टाकून पांढरी, गुबगुबीत, जवळजवळ हालचाल न करणारी होते आणि यजमानाला बहुधा बाहेरून चिकटून शोषून घेते. एकाच अळीची अशी दोन वेगळी रूपं असणं हे या कुलाचं मोठं वैशिष्ट्य. सगळ्या मात्र मधमाश्यांवरच वाढत नाहीत. काहींच्या अळ्या नाकतोड्यांच्या अंड्यांच्या पुंजक्यात शिरून अंडी खातात, काही पतंगांच्या सुरवंटांत वाढतात. हेमिपेंथिससारख्या तर सुरवंटातल्या दुसऱ्या परजीवीवर वाढतात, म्हणजे परजीवीचे परजीवी.

हे बघायला डोंगरावरच जायला हवं असं नाही. आपल्या सोसायट्यांच्या जिन्यात, मीटरच्या खोलीत, बंद खिडकीच्या चौकटीत कुंभारणीची, म्हणजे मातीचं घर बांधणाऱ्या गांधीलमाशीची, घरटी असतात. रंगकाम निघालं की ती खरवडून फेकतात. त्याआधी सेक्रेटरीकाकांना सांगून पातळ सुरीने ती अख्खी काढून घ्या, बरणीत ठेवा, तोंडाला मलमल बांधा आणि कुठून, कधी, किती उंचीवरून काढली ते लगेच लिहा. बाहेर कुंभारीण येईल, कुठलीतरी बारीक परजीवी माशी येईल, किंवा नशीब असेल तर अँथ्रॅक्स प्रजातीची काळी बी फ्लाय येईल. तिच्या कोषाच्या डोक्यावर कडक काट्यांचा मुकुट असतो. तो फिरवत कोष वाळलेल्या मातीला आतून भोक पाडतो, अर्धा बाहेर येतो आणि मग माशी निघते. रिकामी साल भोकात तशीच अडकून राहते. ती टाकू नका. माशी, साल आणि घरटं एकाच क्रमांकाखाली ठेवा. यजमानाचा हा पुरावा कुठल्याही सुंदर फोटोपेक्षा मोलाचा आहे.

आता वर्गीकरण. त्याला भिऊ नका, सुरुवात मोजण्यापासून होते. पंख भिंगाखाली घ्या आणि पुढच्या कडेच्या बाहेरच्या भागातले सबमार्जिनल कप्पे, म्हणजे शिरांमधल्या मोकळ्या जागा, मोजा. व्हिला आणि अँथ्रॅक्स या प्रजातींमध्ये दोन, एक्सोप्रोसोपात तीन, लिजिरात चार. मग मिशीचं टोक बघा. तिथे केसांचा छोटा झुपका असेल तर अँथ्रॅक्स. भारतातल्या माश्यांसाठी आजही ब्रुनेटी यांचा १९२० चा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’तला खंड उघडावा लागतो. हे गृहस्थ पेशाने संगीतकार होते आणि कलकत्त्यात राहून त्यांनी माश्यांवर एवढं काम केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. पण त्यातली नावं जशीच्या तशी उचलू नका. आपल्या लिजिरा त्यात हायपरअलोनिया म्हणून सापडतात. प्रत्येक नाव इव्हनहाइस आणि ग्रेटहेड यांच्या १९९९ च्या जागतिक सूचीशी ताडून घ्या.

नमुने ठेवायचे तर दारूत बुडवू नका, अंगावरचे केस आणि खवले चिकटून ओळख पुसली जाते. त्याच दिवशी छातीच्या उजव्या बाजूतून टाचणी घाला. आपल्या दमट हवेत आठवड्याभरात बुरशी धरते, म्हणून पेटीत सिलिका जेल हवंच आणि पेटीच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या. ठाण्याचं येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिथे जाळीही काढू नका. परदेशातल्या तज्ज्ञाला नमुना कुरिअरने पाठवणंही टाळा, जैवविविधता कायदा, २००२ त्याच्या आड येतो.

नोकरीचं स्पष्ट सांगते. नुसत्या बी फ्लायवर पगार मिळत नाही. परागीभवन, एकट्या मधमाश्या किंवा पिकांवरच्या किडींचे शत्रू, यातल्या एका विषयाशी ती जोडावी लागते. एमएस्सीला प्राणिशास्त्र घ्या किंवा कृषी कीटकशास्त्र, नेट परीक्षेची तयारी सोबत ठेवा. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्यातलं केंद्र आणि बंगळूरची एनबीएआयआर ही शेतीतल्या कीटकांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था, या दोन ठिकाणी काय चाललंय त्यावर लक्ष ठेवा. मुलाखतीला जाताना वहीसोबत अशी यजमान-नोंद असलेली एक पेटी न्या. समोरच्या माणसाला बोलायला त्यातून विषय मिळतो आणि तुमचं काम त्याला तिथेच तपासता येतं.