बॅरिएट्रिक सर्जरीनंतरचा थकवा आणि बी-१२चं इंजेक्शन: या चुका टाळा

"सिस्टर, अंगात त्राणच नाही. एक बी-१२ टोचून टाका ना."

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या फॉलोअपला मी बसते. हे वाक्य कानावर आलं की मी सुई हातात घेत नाही, आधी फाईल मागते. बहुतेक वेळा त्या फाईलमध्ये वर्षभरातला एकही रिपोर्ट नसतो.

बरं वाटतंय म्हणून इंजेक्शन सोडणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती करणारी माणसं बेफिकीर नसतात. वजन उतरलेलं असतं, गुडघे कुरकुरायचे थांबलेले असतात. मग दर महिन्याला सुई कशाला, असं त्यांना वाटतं. पण अन्नातलं बी-१२ हे जीवनसत्त्व सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला ते शोषलं जायला जठरातच तयार होणारं इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन लागतं. या शस्त्रक्रियेच्या बायपास प्रकारात अन्न जठराच्या मोठ्या भागाला वळसा घालून जातं, स्लीव्ह प्रकारात तर तो भाग काढूनच टाकतात. तरी लगेच काही जाणवत नाही, कारण यकृतातला बी-१२चा साठा बराच काळ, कधी काही वर्षंही पुरतो. दुसऱ्या वर्षी जे बरं वाटतं, ते या शिलकीवर.

एक ताई होत्या. बायपासनंतर वर्षभर नेमाने आल्या आणि मग यायच्या थांबल्या. चौथ्या वर्षी थकव्याची तक्रार घेऊन आल्या. हिमोग्लोबिन ठीकठाक होतं. उठता उठता सहज म्हणाल्या, "हल्ली पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, आणि अंधारात चालताना तोल जातो." माझ्या पोटात गोळा आला. मधल्या काळात त्या आपल्या मनाने रोज फॉलिक ॲसिडची गोळी घेत होत्या. फॉलिक ॲसिड रक्ताचं चित्र सावरून धरतं, मज्जातंतूंना मात्र वाचवत नाही. त्यामुळे हिमोग्लोबिन बरं दिसत राहतं आणि आत नसा झिजत राहतात. डॉक्टरांनी सुरुवातीला दिवसाआड इंजेक्शनं दिली. थकवा काही आठवड्यांत ओसरला, मुंग्या कमी व्हायला वर्ष लागलं. पायाच्या बोटांचा बधिरपणा आजही आहे.

तेव्हापासून मी इंजेक्शन दिल्या दिल्या पुढची तारीख रुग्णाच्याच फोनमध्ये, माझ्यासमोर टाकायला लावते. नेहमीचा डोस महिन्याला १००० मायक्रोग्रॅम. सुईची भीती असेल तर रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळीही चालते, कारण मोठ्या मात्रेतला थोडा भाग इंट्रिन्सिक फॅक्टरशिवायही शोषला जातो. मात्र आठवण झाली की घ्यायची गोळी मला मान्य नाही.

सगळ्या थकव्यावर एकच सुई

पहिल्या काही आठवड्यांतला थकवा बहुधा उपासमारीचा असतो. पोटात जातंच किती! त्या दिवसांत मी आधी प्रथिनं आणि पाणी विचारते: दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं आणि घोट घोट करून दीड लिटर पाणी. हे न करता दुसऱ्याच आठवड्यात "ताकदीचं इंजेक्शन" मागणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते.

पुढे महिन्यांनी येणाऱ्या थकव्यात माझा पहिला संशय लोहावर असतो, पाळी सुरू असलेल्या बायकांमध्ये तर हमखास. बायपासमध्ये लोह शोषणारा आतड्याचा सुरुवातीचा भागच वगळला जातो. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठाही बघा. लोहाची गोळी घेऊनही फरक नाही म्हणणाऱ्यांना मी विचारते, कॅल्शियम कधी घेता? उत्तर ठरलेलं: "दोन्ही एकदमच, म्हणजे विसरायला नको." दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. माझ्या रुग्णांना मी लोह रात्री सांगते आणि कॅल्शियम दिवसा, एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, तेही कॅल्शियम सायट्रेट, कारण कॅल्शियम कार्बोनेट शोषलं जायला जठरातलं आम्ल लागतं.

आणखी एक कारण हमखास सुटतं. वजन ३० किलोंनी उतरलं तरी रक्तदाबाची गोळी जुन्याच मात्रेत चालू असते. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दोष जातो बी-१२ला.

थोडक्यात

इंजेक्शननंतर दोन दिवसांनी बी-१२ तपासू नका. आकडा फुगलेलाच येणार. पुढच्या डोसच्या अगदी आधी तपासा.

केस गळतात म्हणून मनाने झिंक वाढवू नका. त्याने तांबं कमी होतं, आणि तांब्याच्या कमतरतेतही बी-१२सारखाच नसांचा त्रास होतो.

'डी' जीवनसत्त्वाचं मोठ्या मात्रेचं इंजेक्शन रिपोर्टशिवाय पुन्हा पुन्हा घेऊ नका. ते शरीरात साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढवतं आणि त्यानेही थकवा येतो.

उलट्या अंगावर काढणं

इथे मी कुणाचंच ऐकून घेत नाही. बी-१ म्हणजे थायमिनचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होत असतील तर तो त्याहूनही लवकर संपतो. अशा वेळी लोक जवळच्या दवाखान्यात जाऊन "अशक्तपणा आहे, बाटली लावा" म्हणतात. थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते आणि ती कायमची राहू शकते. एकाच्या दोन वस्तू दिसणं, चालताना झोकांड्या जाणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, मोठं रुग्णालय गाठा. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा: माझी बॅरिएट्रिक सर्जरी झाली आहे, उलट्या होत आहेत, ग्लुकोजच्या आधी बी-१ द्या. रुग्णाला बोलता येत नसेल तर सोबतच्या माणसाने सांगावं. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी हे वाक्य मी घरच्यांकडून म्हणून घेते.