आफ्रिकेतलं एखादं शहर डिजिटलसाठी खरंच तयार आहे का, हे कसं बघायचं

सगळ्यात आधी ते स्मार्ट सिटीचं चकचकीत पीडीएफ बाजूला ठेवा, त्यात सगळीच शहरं तयार असतात.

सुरुवात बटणांच्या साध्या फोनपासून करा. केन्यात २००७ ला एम-पेसा (मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा) आलं ते ॲप म्हणून नाही, सिमच्या मेनूवर, नेट लागतच नव्हतं, म्हणून तर पसरलं. त्यामुळे घरपट्टी असो की पार्किंग, ते स्टार-हॅश दाबून भरता येतं का एवढं विचारा. ॲपच लागत असेल तर तिथेच मार्क कापा.

मग रोख पैसा कुणाकुणाच्या हातातून फिरतो ते शोधा, आणि इथे घाई नको, बहुतेकजण इथेच फसतात. नैरोबीतली मटाटू म्हणजे आपल्याकडचं वडापच समजा. २०१४ ला सरकारने ठरवलं की भाडं कार्डानेच घ्यायचं, कार्डं आली, मशीन आल्या आणि सगळं बारगळलं. कारण ड्रायव्हर-कंडक्टर मालकाला रोजची ठरलेली रक्कम देतात, वर उरेल ते त्यांचं, डिझेल पण त्यातूनच आणि पोलिसाचा चहापण त्यातूनच (तिकडेही लाचेला 'चाय'च म्हणतात बरं का). कार्डाचे पैसे थेट मालकाच्या खात्यात जाणार, मग कंडक्टर कशाला मशीन काढेल? गंमत म्हणजे आता त्याच मटाटूत लोक एम-पेसाने भाडं देतात. रवांडाच्या राजधानीत, किगालीत मात्र बसचं कार्ड चाललं, कारण तिथे मोजक्याच कंपन्यांना रूट वाटून दिले होते. तर प्रश्न हा, की रोख बंद झाली तर कुणाच्या पोटावर पाय येतो.

घरांची यादी तपासा. सिएरा लिओनच्या राजधानीत, फ्रीटाउनमध्ये सॅटेलाइट फोटोवरून घरं मोजली तर घरपट्टीची यादी जवळपास दुप्पट झाली. यादीच अर्धी असेल तर ऑनलाइन भरणार कोण?

वीज, केबल, बॅकअप हेही बघा. मार्च २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या आणि पश्चिम आफ्रिकेत बँकांपर्यंत सगळं अडलं. जोहान्सबर्गमध्ये जुलै २०१९ ला शहराच्या वीज कंपनीवर रॅन्समवेअर (कॉम्प्युटर लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) हल्ला झाला, लोकांना प्रीपेड वीजच विकत घेता येईना, तेही तिथल्या ऐन हिवाळ्यात. म्हणून सिस्टीम झोपली तर कागदावर काम होतं का, हे ऑफिसातल्या साहेबाला नाही, खिडकीवरच्या क्लार्कला विचारा.

शेवटी एक सकाळ सायबर कॅफेत बसा. नैरोबीत सरकारी पोर्टलचे फॉर्म कितीतरी लोक सायबरवाल्याकडूनच भरून घेतात, तोच ईमेल काढून देतो, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतो. किती लोक आले, किती पैसे दिले आणि पासवर्ड शेवटी कुणाकडे राहिला ते वहीत टिपून घ्या.