वहीतली खाडाखोड भिंतीवर नेताना

लिहिणाऱ्याच्या हाताला शाई आणि रेषा आधीपासून ठाऊक असतात, म्हणून चित्राकडे वळताना तैलरंगांऐवजी शाईपासून सुरुवात करावी. रवींद्रनाथ ठाकुरांची चित्रकला कवितांच्या हस्तलिखितातल्या खाडाखोडीतून वाढली. मे १९३० मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांचे पहिले प्रदर्शन पॅरिसच्या पिगाल गॅलरीत भरले. हात बहुधा साथ देतो, सामान दगा देते. वही, फाउंटन पेन आणि सेलोटेप हे लेखकाच्या टेबलावरचे सोबती चित्राचा घात करतात.

वहीच्या कागदावर शाई फुटते आणि ओल लागताच तो सुरकुततो. २२ × ३० इंचांचा, ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), पूर्ण कॉटनचा आम्लरहित कागद घ्या. अर्धा केला की १५ × २२चे दोन ताव मिळतात. पातळ शाईचे मोठे हात द्यायचे असतील तर ताव पाच ते दहा मिनिटे पाण्यात बुडवा, १२ मिमीच्या प्लायवर पसरा आणि चारही कडा डिंकाच्या कागदी पट्टीने चिकटवा. रात्रभर आडवा वाळू द्या. उन्हात किंवा पंख्याखाली घाई केली तर एक बाजू आधी आकसते आणि पट्टी सुटते.

फाउंटन पेनच्या बहुतेक रंगीत शाया विरघळणाऱ्या रंगांच्या असतात, उजेडात त्या विटतात. काळ्यासाठी कार्बनची वॉटरप्रूफ इंडिया इंक वापरा, पण ती फाउंटन पेनात कधीही भरू नका. आत वाळली की पेन कायमचे तुंबते. टाक आणि ब्रश घ्या. नव्या निबवर तेलाचा थर असतो, त्यामुळे शाई थेंब धरून बसते. आधी साबणाने धुवा. पातळ करायला डिस्टिल्ड वॉटरच घ्या, नळाच्या जड पाण्यात शाई फाटू शकते. रंगीत शाई घेतलीच तर कागदावर तिची पट्टी रंगवून ती अर्धी झाकून सहा आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवा. दोन अर्ध्यांत फरक दिसला तर ती बाटली वहीसाठी ठेवा.

सुरुवात हस्तलिखिताच्या झेरॉक्सवर करा, मूळ पानावर नको. खोडलेले शब्द एकमेकांना जोडत आकार शोधा. इथे देवनागरीची एक खास अडचण येते: शिरोरेषा चित्राला ओळींत बांधून ठेवते, आणि शब्द वाचता आला की बघणारा वाचायलाच लागतो. पान उलटे धरा, शिरोरेषा दोन-तीन ठिकाणी मुद्दाम तोडा. आकार सापडला की तो मोठ्या तावावर नव्याने काढा. वहीतली रेषा मनगटातून येते, मोठ्या तावावर ती खांद्यातून यावी लागते. म्हणून उभे राहून काढा.

माउंटही (फ्रेमच्या आत चित्राभोवती येणारी जाड कागदाची चौकट) आम्लरहित हवा, तीन इंची पुरे. चित्र वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांनी, गव्हाच्या खळीने टांगा. सेलोटेपचे डाग निघत नाहीत. काच चित्राला टेकता कामा नये. आपल्या पावसाळ्यात काचेआड ओल धरते आणि शाईला बुरशी येते, तेव्हा फ्रेमिंग कोरड्या दिवसांत उरकणे शहाणपणाचे.

हॉल ठरवण्याआधी टेप घेऊन भिंत मोजा. मुंबईच्या जहांगीरसारख्या गॅलरीसाठी अर्ज फार आधी करावा लागतो. गावातल्या वाचनालयाचा हॉलही चालतो, भिंत आणि उजेड नीट असला की झाले. १५ × २२च्या उभ्या चित्राची फ्रेम साधारण २३ × ३० इंचांची होते. मध्ये १३ इंच अंतर धरले तर ४० फुटांच्या भिंतीवर १३ चित्रे बसतात. चौदावे कोंबू नका. चित्राचा मध्य जमिनीपासून १४८ सेंमीवर ठेवा: त्यात फ्रेमची अर्धी उंची (३८) मिळवा आणि ताणलेली तार वरच्या कडेपासून जितकी खाली येते (समजा ५) तेवढे वजा करा. हुक १८१ सेंमीवर येईल. एकाऐवजी दोन हुक लावले तर फ्रेम तिरकी होत नाही.

चित्राशेजारच्या माहितीपट्टीवर नाव, माध्यम, माप (आधी उंची, मग रुंदी) आणि वर्ष एवढेच लिहा. लेखकाला प्रत्येक चित्राशेजारी कविता लावायचा मोह होतो, तो कडक आवरा. लोक कविता वाचतात आणि चित्राकडे एक नजर टाकून पुढे सरकतात. रवींद्रनाथ आपल्या चित्रांना नावे देणेही टाळत. मजकूर हवाच असेल तर दारापाशी एक कागद, सव्वाशे शब्दांच्या आत.